फागाचा कागद

पाल्हेखार, ता. मुरूड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. निवेदिता,

नवरात्रापासून तुझं पत्र नाही, तेव्हा भांडण मीच सुरू करते. काल खालच्या आळीतला बाबाजी आला होता. माझ्या ओटीवर बसला, माझा चहा प्यायला, माझ्या झाडाचे दोन पेरू पिशवीत टाकले आणि मग म्हणाला, "बाई, अलिबागच्या ताईंचा पत्ता हाय का तुमच्याकडं? यंदाचा फाग बी त्यांनीच लिवून द्यावा, असं समद्या आळीचं म्हननं हाय."

बारा वर्षं शिमग्याच्या फागाचा कागद त्याला मी दिला. गेल्या साली माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मीच म्हटलं, या खेपेला माझी मावसबहीण लिहील. या खेपेला म्हटलं होतं, जन्मभर नव्हे.

अलिबागेत ग्रंथालयाच्या कपाटांमागे बसून तुला कळणार नाही, पण तुझा फाग अजून गावात फिरतोय. रिक्षावाले म्हणतात, शाळेतल्या मुली दोरीवरच्या उड्या मारताना म्हणतात. धुळवडीच्या सकाळी बाबाजीची माणसं होळीच्या राखेभोवती फाग म्हणतात, ज्याचं नाव त्यात येईल त्याने हसत पुढे होऊन राखेत नारळ ठेवायचा, आणि राख निवेपर्यंत कुणी कुणावर रागवायचं नाही, हे मी इतकी वर्षं मुंबईच्या पाहुण्यांना समजावत आले. तुझ्या फागाला अकरा नारळ पडले. माझ्या शेवटच्या फागाला एक, तोही पोस्टमनचा, आणि त्याचं नाव मी त्याला विचारून घातलं होतं.

अजून एक सांगते. माझं स्वतःचं नाव आजवर कुठल्याच फागात आलेलं नाही. लिहायला लागल्यावर येणार नव्हतंच, पण त्याआधीची पन्नास वर्षं होती की. तुझं आलं दहाव्या वर्षी, सुट्टीत इथे येऊन गुरवाचा फणस उतरवलास म्हणून. फणस झेलायला मी खाली उभी होते. मला कुणी गायलं नाही.

आता कामाचं. गावातल्या होमस्टेवाल्यांचा तो किनारा पर्यटन संघ फाग कुणी लिहिला ते अजून शोधतोय. समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर त्यांनी फाटक घातलं ते तू फागात घेतलंस, कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि आता पाहुणे फाटकापाशी उभे राहून त्या ओळी म्हणतात. संघाचे चिटणीस शिवदासभाऊ मला विचारून गेले. मी म्हटलं, फाग लिहिणाऱ्याचं नाव आमच्यात विचारत नाहीत. म्हणजे तुझं नाव झाकलं. आभार मानायची गरज नाही.

यातलं काही फोनवर लिहू नकोस. गावाच्या ग्रुपवर काही पडलं की पाच मिनिटांत त्याचा फोटो शिवदासभाऊंकडे जातो. पत्र बरं. पोस्टमन नारळ दिलेला माणूस आहे.

तुझी
कुमुदताई


अलिबाग
२ डिसेंबर २०२४

ती. कुमुदताईस,

भांडण पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. अगं, मला मात्रा मोजायला बोटं कुणी धरून शिकवली? तुझ्याच ओटीवर, तांदूळ निवडता निवडता. माझ्या फागात जे बरं असेल ते तुझंच म्हण, हवं तर.

बाबाजी परवा इथे येऊन गेला. सून प्रणालीला डॉक्टरकडे आणलं होतं, वाटेत ग्रंथालयात आला. नुसतं फाटक होतं ते आता कुलपाचं झालं म्हणाला. बायकांना शिंपल्यांना जायचं तर आगरदांड्याच्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. आणि संघाने आळीत निरोप धाडलाय, की फागात उभा राहील त्याला हंगामात कामाला बोलावणार नाही. प्रणाली स्वतः शिवदासच्याच स्वयंपाकघरात आहे. ती बाकावर बसून सगळं ऐकत होती.

ताई, पूर्वी नाव आलं तर लोक रुसायचे आणि हसून मोकळे व्हायचे. हे लोक रुसत नाहीत, हे बंदोबस्त करतात. म्हणून यंदा लिहिणार आहे.

एक भीती मात्र खरी आहे. संघाचा अध्यक्ष आमच्या ग्रंथालयाचा विश्वस्त आहे. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे. माझं नाव कळलं तर मला इथे ठेवणार नाहीत. तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे कर: मी कागद तुला पाठवीन, तू तो तुझ्या अक्षरात उतरवून बाबाजीला दे आणि माझ्या हातचा कागद होळीत टाक. आमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाचं कार्ड माझ्या हातचं आहे, माझं अक्षर अर्धा तालुका ओळखतो.

पेरू बाबाजीला दिलेस, मला कधी?

निवेदिता


पाल्हेखार
१६ जानेवारी २०२५

चि. निवेदिता,

संक्रांतीला शिवदासभाऊ तिळगुळाचा डबा घेऊन आले. अर्धा तास बसले. माणूस गोड आहे, तुझ्या फागात वाटतो तसा नाही. संघाने एक सण सुसंवाद समिती केली आहे. फाग आधी समितीने पाहायचा, कुणाचं मन दुखावेल असं काही असलं तर सुचवायचं, इतकंच. समितीत एक जाणतं माणूस हवं म्हणून माझं नाव घातलं. मी हो म्हटलं. तू रागावशील, पण विचार कर, परकं कुणी बसण्यापेक्षा मी बरी.

दुसरं म्हणजे, माझे बारा वर्षांचे फाग संघ पुस्तकरूपाने काढणार आहे. धुळवडीला होळीपाशीच प्रकाशन, शाल, श्रीफळ. मी मागितलं नव्हतं.

जाताना शिवदासभाऊ कौतुकाने म्हणाले, "बाई, बारा वर्षांत तुमच्या एका ओळीवर कुणाची हरकत नाही. असं लिहिता आलं पाहिजे." मी हसले. ते गेल्यावर जुनी वही काढली.

गावाचा हा शिमगा गोड, गोड पुरणपोळी,
एकमेकां रंग लावू, पेटवू या होळी.

असं बारा वर्षांचं. शाळेत शिकवत होते तेव्हा वाटायचं, आपण कुणाला दुखवत नाही हा आपला मोठेपणा. त्या दुपारी वही वाचताना माझ्या लक्षात आलं की हरकत घ्यावी असं त्यात खरोखरच काही नाही. लोक तुझ्यावर चिडतात याचा मला राग येतो, निवेदिता. माझ्यावर कुणी कधी चिडलं नाही.

कागद लवकर पाठव. आणि शिवदासभाऊंचं नाव घालू नकोस. "कुणीतरी" म्हण, सगळ्यांना कळतंच.

कुमुदताई


अलिबाग
२८ जानेवारी २०२५

ती. ताईस,

तू समितीत आहेस हे वाचून आधी डोकं फिरलं. मग रात्रभर विचार केल्यावर कळलं तू काय केलंयस ते. आत आपलं माणूस असलं की काय शिजतंय ते आधी कळेल. हे मला सुचलं नसतं. तू समितीत राहा, मान डोलाव आणि डोळे उघडे ठेव.

फाग सोबत आहे. शिवदासचं नाव मी काढणार नाही. "कुणीतरी" असं लिहिलं तर राखेत नारळ ठेवायचा कुणी?

दर्यावरची वाट आमची आज्या-पंज्यानं केली,
सांगा शिवदासशेठ, ती कुणाच्या घरात गेली?
फाटकावर पाटी लावली, आत यायला मना,
भरती येते रोज आत, तिला कुलूप घाला ना.

पुढची सात कडवी आत आहेत. भरतीची ओळ मला मांडव्याच्या धक्क्यावर सुचली, तिकिटाच्या मागे लिहिली. बरी आहे का? खरं सांग. तुझ्याशिवाय मात्रा कुणाला कळतात?

उतरवून घे आणि माझा कागद जपून ठेव होळीपर्यंत. पुस्तकाचं फार छान झालं. तुझ्या त्या पुरणपोळीच्या ओळी मला अजून पाठ आहेत, खरंच.

निवेदिता


पाल्हेखार
१२ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदिता,

कागद पोचला. बाबाजीला दिला. मात्रा ठीक आहेत, पाचव्या कडव्यात एक कमी पडते, ती गाताना भरून निघेल.

पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं. वर नारळाचं झाड आणि सूर्यास्त आहे. माझं नाव ठळक आहे.

यंदा पोफळीला बार चांगला आहे. गुडघा दुखतो. जास्त लिहीत नाही.

कुमुदताई


अलिबाग
२७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

मंगळवारी विश्वस्तांनी मला बोलावलं. पाचजण बसले होते. टेबलावर माझा कागद होता. प्रत नव्हती, फोटो नव्हता, तोच कागद, चहाचा एक गोल डाग पडलेला. शेजारी आमच्या पुस्तकांची सहा कार्डं मांडून ठेवली होती. अध्यक्षांनी आधी कार्डाकडे बोट केलं, मग कागदाकडे.

मला लिहून द्यायला लावलं, की ग्रंथालयाच्या सेवेत असेपर्यंत कुठल्याही व्यक्तीविषयी किंवा व्यवसायाविषयी सार्वजनिक लेखन करणार नाही. मी सही केली. ताई, एकतीस वर्षं मी लोकांच्या हातात पुस्तकं दिली आणि सही मात्र एका झटक्यात केली, याचीच मला जास्त लाज वाटते. घरी आल्यावर मात्र भाजी चिरता येईना.

कागद बाहेर कसा गेला? तू उतरवून माझा जपून ठेवला असशीलच. मग तुझ्याकडून कुणी नेला? मला राहून राहून प्रणाली दिसते. ती शिवदासकडे कामाला आहे, बाबाजीबरोबर तुझ्याकडे येत-जात असेल. इथे आली होती तेव्हाही ती नुसती ऐकत बसली होती. तुला काय वाटतं? तुझ्याशिवाय मी कुणाला विचारू?

बाबाजीला सांग, माझ्या ओळी गाऊ नका. त्यांचीही कामं जातील. पण धुळवड फागाशिवाय जाऊ देऊ नकोस. यंदा तू लिही. बारा वर्षं चालवलंस ते तूच.

निवेदिता


पाल्हेखार
५ मार्च २०२५

चि. निवेदिता,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. प्रणालीचं म्हणतेस, असेल. पोटासाठी माणूस काय करील सांगता येत नाही.

फाग लिहिला. बाबाजीने घेतला, खिशात टाकला. समितीत एका बैठकीत मंजूर झाला, कुणाची हरकत नाही.

तब्येत सांभाळ.

कुमुदताई


पाल्हेखार
१६ मार्च २०२५

निवेदिता,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग फाडलंस तरी चालेल.

धुळवडीच्या सकाळी होळीपाशी संघाने मांडव घातला होता. खुर्च्या, फलक, पाहुण्यांसाठी लिंबाचं सरबत. आधी माझ्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. शिवदासभाऊंनी शाल घातली, नारळ हातात दिला. मी चार वाक्यं बोलले. टाळ्या पडल्या. मग बाबाजी आणि त्याची माणसं राखेभोवती उभी राहिली. बाबाजीने माझा कागद खिशातून काढला, नीट घडी घातली आणि राखेत ठेवला. कोमट राख होती, कागद पेटलाही नाही, नुसता तपकिरी झाला.

मग त्यांनी तुझ्या ओळी म्हटल्या. वाटेची आणि भरतीची, शिवदासशेठच्या नावासकट. मी बाबाजीला तुझ्या ओळी दिल्याच नव्हत्या. तुझ्या पत्रानंतर नव्हे, आधीसुद्धा नाही. फेब्रुवारीत माझ्या अक्षरात जे दिलं होतं त्यात नाव नव्हतं आणि भरती नव्हती. शिवदासभाऊ खुर्चीतून उठले नाहीत. आपल्या गावात नाव आल्यावर नारळ न ठेवणारा तो पहिला माणूस.

पुढचं कडवं असं होतं:

बारा वर्सां कुमुदबाई, गोड लिवला फाग,
कुनाला न्हाय टोचला, कुनाला न्हाय राग.
यंदा मातर बहिनीचा कागद दिला चायच्या संग,
बाई, तुमच्या हातावरचा कवा निघंल रंग?

आता खरं सांगते. तुझा कागद मी उतरवायला बसले. भरतीच्या ओळीपाशी थांबले. पुन्हा वाचली. मला ती सात जन्मांत सुचली नसती. तू तिकिटाच्या मागे लिहिलीस आणि वर मला विचारतेस, बरी आहे का. मी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी शिवदासभाऊंकडे पुस्तकाची मुद्रितं पाहायला गेले तेव्हा कागद पर्समध्ये होता. त्यांनी विचारलं, यंदाचा फाग आला का? मी तो बशीजवळ ठेवला. नाव मी घेतलं नाही. म्हटलं, अक्षर ओळखीचं वाटतं का बघा. तेवढी लबाडी मला जमली.

तुझी नोकरी, वाट, बायकांचा वळसा, यातलं काहीही मला तेव्हा आठवलं नाही असं म्हणणार नाही. सगळं आठवत होतं. मत्सर होता, निवेदिता. तुझ्या शब्दांचा, तुझ्या अकरा नारळांचा, आणि हे सांगायलाही लाज वाटते, तुझ्या मागे लागलेल्या त्या माणसांचासुद्धा. माझ्या शब्दांसाठी कुणी समिती नेमली नसती.

चहा घेऊन प्रणाली आली होती. तिने कप कागदावर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मला वाटलं वेंधळी आहे. ती वाचत होती. तुझ्या त्या चार ओळी तिने तिथेच पाठ केल्या. आणि माझ्यावरचं कडवं तिचं आहे, त्या खोलीत चौथं कुणी नव्हतं. तू तिच्यावर संशय घेतलास आणि मी लिहिलं, "असेल".

माझं नाव आलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. चौसष्ट वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली. शाल अंगावर होती. हातात सत्काराचा नारळ होता. मी उठले आणि तो राखेत ठेवला. हसायचं असतं, म्हणून हसायचा प्रयत्न केला. बाबाजी म्हणाला, "बाई, पोचला." तेवढंच.

आणि ऐक, त्या वेळीसुद्धा माझी बोटं शालीखाली मात्रा मोजत होती. कडवं माझ्यापेक्षा चांगलं होतं. तुझ्यापेक्षाही.

कुमुद


अलिबाग
२४ मार्च २०२५

कुमुदताई,

पत्र फाडलं नाही. मांडव्यापर्यंत बसने गेले आणि परत आले, उगाच.

माझ्या ओळी गायल्या गेल्याचं इथे कळलंय. मी सही करून शब्द मोडला असं ठरलं. काढलं नाही, पण आता कार्डं लिहायचं काम माझ्याकडे नाही. मी आतल्या खोलीत शिक्के मारते. माझं अक्षर कुठे दिसू नये अशी सूचना आहे.

दहाव्या वर्षीचं एक तुला कधी सांगितलं नाही. गुरवाने मला कान धरून विचारलं होतं, खाली फणस झेलायला कोण होतं? मी म्हटलं, कुणी नव्हतं. तू मोठी होतीस, मावशीने तुला जास्त मारलं असतं. म्हणून फागात मी एकटी आले. तू ते इतकी वर्षं मनात धरून बसशील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता संघ नव्या कडव्याचा लेखक शोधेल. प्रणालीचं घर तिच्या एकटीच्या कामावर चालतं, बाबाजी थकला. तिचं नाव निघायच्या आत तू जा आणि सांग, ते तू लिहिलंस. तुझ्या अक्षरात उतरवून दे. उतरवायचं काम तुझ्याकडे होतंच.

मी प्रणालीला वेगळं पत्र लिहिलं आहे. तुला सध्या लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

निवेदिता


पाल्हेखार
११ एप्रिल २०२५

चि. निवेदिता,

तू लिहिणार नाहीस, तरी कळवायला हवं.

पत्र आलं त्याच दुपारी शिवदासभाऊंकडे गेले. ते खरंच शोधत होते. समोर आळीतल्या कामाच्या माणसांची यादी होती आणि प्रणालीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. ती आत भांडी लावत होती, आवाज येत होता. मी म्हटलं, शोधू नका, तो फाग मी लिहिला. तुमची शाल पांघरून माझंच नाव माझ्या फागात घालायची मला हौस आली.

ते हसायला लागले. म्हणाले, "बाई, चेष्टा नको. तुमच्या हातून असं लिहून होणार नाही. आम्ही तुमचं पुस्तक वाचलंय की."

निवेदिता, मला जितका राग तेव्हा आला तितका तुझ्या भरतीच्या ओळीचाही आला नव्हता. म्हटलं, कागद द्या. अख्खा फाग उतरवून दिला, माझ्या अक्षरात, तुझ्या ओळी आणि तिचं कडवं. तरी ते मान हलवत होते. मग मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, शेवटी दोन ओळी नव्या घातल्या.

हरकत नाही, हरकत नाही, बारा वर्षं ऐकलं,
शिवदासशेठ, तुमच्या फाटकात माझंच बोट अडकलं.

कुणाला न विचारता लिहिलेल्या या माझ्या पहिल्या ओळी. त्यांनी वाचल्या, माझ्याकडे पाहिलं आणि प्रणालीच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. पुस्तकाच्या प्रती दुसऱ्या दिवशी ओटीवरून घेऊन गेले. समितीतून नाव कमी झालं. फाटकाचं कुलूप अजून आहे. पण आळीतल्या बायका आता सकाळी तिथे थांबतात, फाग म्हणतात आणि मग वळसा घालतात, त्यामुळे होमस्टेतल्या पाहुण्यांची झोप मोडते. काल रखवालदाराने तासभर फाटक उघडं ठेवलं असं प्रणाली सांगत होती.

ती रविवारी येते. मी मात्रा शिकवीन म्हटलं तर म्हणाली, "बाई, मात्रा म्हंजी काय वो?" मी चहा करायला आत उठून गेले. बराच वेळ आतच होते.

काल रजिस्टरने संघाचं पत्र आलं. वकिलामार्फत आहे, माझ्या नावाने, पोस्टमनने सही घेतली. चौसष्ट वर्षांत पहिली हरकत. घरात एकटीच होते म्हणून मोठ्याने वाचलं. "आपण रचलेल्या फागातील खालील चार ओळींवर आमच्या अशिलांची तीव्र हरकत आहे," आणि खाली चारही ओळी टाइप केलेल्या. दोन तुझ्या, दोन प्रणालीच्या. पत्र उलटून पाहिलं, पाकिटातही पाहिलं.

माझ्या दोन ओळींवर कुणाची काही हरकत नाही.

कुमुदताई